वळसा

१

तीस वर्षं रंगारी बांबूच्या परांचीवर चढला, सहा-सहा मजली भिंती रंगवल्या, आणि कधी नखसुद्धा मोडलं नाही. पाय मोडला तो घरातल्या दीड फुटी स्टुलावरून, बल्ब बदलताना. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगून टाकायचा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर जास्त हसं झालं असतं.

मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, आठ आठवडे. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून दोन हमालांनी त्याला खुर्चीत बसवून वर आणलं, तेव्हा पाय ठणकत असतानाही तो प्रत्येक वळणावर ओरडत होता, "हळू रे, कोपरा आहे, रंग ओरबाडेल!" तो जिनाही त्यानेच रंगवलेला होता.

घरात तो आणि त्याची लेक. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. लेक चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सातला परत. सव्वीस वर्षांची झाली तरी बाप तिला 'बब्बड' म्हणायचा, आणि दुकानातल्यांसमोर म्हणू नका, एवढीच तिची अट होती.

हॉल लांबट. एका टोकाला बाहेरचं दार, त्याला लागूनच स्वयंपाकघर आणि लेकीची खोली. दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी. पलंग खिडकीखाली टाकला, कारण न्हाणीघराचं दार तिथून चार पावलांवर होतं आणि वॉकर धरून तेवढं त्याला जमायचं. बाकी खोली नुसती बघायची.

पहिले दोन दिवस मुकादमाचे कामावरून सारखे फोन आले. तिसऱ्या दिवशी एकच आला. पाचव्या दिवशी यानेच केला, तर मुकादम म्हणाला, "तुम्ही आराम करा हो, सगळं मार्गी लागलंय." आपल्यावाचून कुणाचं अडत नाही हे कळलं की माणसाचं दुखणं उगाच वाढतं.

"बाबा, भिंतीकडे बघून बघून तुम्हाला वेड लागेल," लेक म्हणाली.

"भिंतीकडे बघूनच तुला वाढवलंय."

"आमच्या दुकानात काचेची टाकी आहे माशांची. नंबर काढायला आलेली माणसं तासभर गप्प बसतात. तुमच्यासाठी एक आणते. छोटीशी."

"आणि त्यांचं करणार कोण?"

"तुम्ही. तेवढंच हाताला काम."

२

माशांच्या दुकानाचा मालक स्वतः सगळं सामान घेऊन वर आला. धापा टाकतच त्याने आधी बजावलं, "मला मासेवाला म्हणायचं नाही. मासेवाला खायचे मासे विकतो. मी पोसायचे विकतो."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. पण आधी पाणी द्या."

दोन फुटी काचेची टाकी. ती हॉलच्या बरोबर मध्यावर, डाव्या भिंतीला टेकवलेल्या भक्कम टेबलावर ठेवली, म्हणजे पलंगावरून नीट दिसेल. रंगाऱ्याने बसल्या जागी बादलीत बारीक खडे धुतले. एकदा, दोनदा, सात वेळा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. हात ओले झाले आणि त्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. खडे टाकीत पसरले, त्यावर बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू पाणी ओतलं, म्हणजे खडे उसळत नाहीत. चार हिरव्या वनस्पती रोवल्या. कोपऱ्यात स्पंजाचा फिल्टर बसवला. पंप चालू केला आणि बुडबुडे गुणगुणत वर येऊ लागले.

"आता मासे?" लेकीने विचारलं.

"तीन-चार आठवडे थांबा. नुसतं पाणी भरलं म्हणजे टाकी झाली असं नसतं. पाणी पिकावं लागतं. त्यात न दिसणारे जीव वसावे लागतात, तेच माशांची घाण खातात."

"आणि तोवर ते जीव काय खाणार?" रंगाऱ्याने विचारलं.

"शाबास. बरोब्बर प्रश्न." दुकानदाराने खाण्याची डबी त्याच्या हातात दिली. "रोज एक चिमूट टाकायची. मासा नसला तरी. ती तळाशी बसेल, सडेल, त्यावर ते जीव पोसतील. आणि हे घ्या." त्याने काचेच्या नळ्या, थेंबांची बाटली आणि रंगांचे चौकोन छापलेला एक कागद काढला. "नळीत पाणी घ्या, थेंब टाका. आज रंग पिवळा येईल. अन्न सडायला लागलं की हिरवा, मग गडद हिरवा. मग परत पिवळा झाला की मला फोन करा. रंग जुळवता येईल ना?"

लेक खो खो हसली. "यांना विचारताय? हे पांढऱ्याचे अकरा प्रकार सांगतात."

टाकी पलंगापासून सात-आठ फुटांवर होती. तिथवर वॉकरने जायला त्याला पाच मिनिटं लागायची. पण दिवसातून एकदा तो जायचा. वाट बघण्यासारखं काहीतरी झालं होतं.

३

नवव्या दिवशीही नळीतला रंग पिवळाच होता. लिंबाच्या सालीसारखा, स्वच्छ.

दुकानदार फोनवर म्हणाला, "चिमूट कमी पडते. दुप्पट टाका."

रंगाऱ्याने दुप्पट टाकली. पापुद्रे पाण्यावर पसरले, भिजले आणि एकेक करून खाली जाऊ लागले. तो स्टुलावर बसून बघत राहिला. हल्ली स्टुलावर बसायचाही तो धसका घ्यायचा. पापुद्रे अर्ध्या पाण्यापर्यंत आले. मग त्याला शिंक आली. डोळे उघडले तेव्हा पापुद्रे नव्हते.

तळाशी पाहिलं. खडे धुतल्या दिवशीसारखे चकचकीत. फिल्टरचा स्पंज काढून पिळला, स्वच्छ पाणी निघालं. वनस्पतींची पानं उलटून पाहिली. एखादी गोगलगाय आली असेल त्यांच्याबरोबर, म्हणून काठावर, झाकणाखाली, सगळीकडे बोट फिरवलं. काही नाही.

आणि नऊ दिवसांच्या नऊ चिमटींचं काय झालं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं. एकही पापुद्रा सडलेला नव्हता. सडायला तो खालपर्यंत पोचायलाच हवा होता.

"बब्बड, तू टाकी साफ करतेस का गं, मी झोपल्यावर?"

"मला स्वतःचं ताट धुवायला वेळ नाही, बाबा."

चोविसाव्या दिवशी कंटाळून दुकानदारच म्हणाला, "पिवळा तर पिवळा. पाणी इतकं चांगलं असेल तर मासे आणतोच."

४

सहा टेट्रा. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ आणि शेपटाकडे लाल. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे पाण्याची ऊब सारखी होते. मग दुकानदाराने पिशवीचं तोंड सोडलं. त्यातल्या एकाचा डोळा दुधासारखा पांढरा होता. "हा बदलून देतो पुढच्या वेळी," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"राहू द्या. एक अधू आम्ही, एक तो."

मासे बाहेर आले, एक झुपका करून डावीकडच्या कोपऱ्यात गेले आणि थांबले. "घाबरलेत," दुकानदार म्हणाला. "उद्या बघा कसे बागडतात."

दुसऱ्या दिवशी ते फिरत होते खरे. रंगारी सकाळभर बघत होता. डावीकडून निघायचे, काचेला लागून पुढे यायचे, उजवीकडे जायचे, मागच्या काचेला लागून परत. सुंदर दिसायचं ते. दुपारी केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की ते मधून जात नाहीत.

टाकीच्या मध्यावर मुठीएवढी जागा होती. तिथे वनस्पती नव्हती, दगड नव्हता, नुसतं पाणी. मासे तिथवर सरळ यायचे आणि वळसा घालायचे. खांब असावा तसा. एखादा वरून जायचा, एखादा खालून. सहाही. दर वेळी.

त्याने झाकण काढून खाणं टाकलं, मुद्दाम मधोमध. पाचही डोळस मासे काठावरून त्या पापुद्र्यांकडे बघत राहिले. कल्ले हलत होते, तोंडं उघडत-मिटत होती. भुकेले होते. पण पुढे कुणी आलं नाही.

"पाण्याला तिथे जोर असेल पंपाचा," लेक संध्याकाळी म्हणाली. तिने त्याच्या समाधानासाठी पंप बंद केला. बुडबुडे थांबले आणि खोली एकदम शांत झाली.

मासे वळसा घालून गेले.

आठवड्याभरात ती जागा मुठीची नारळाएवढी झाली. मग मासे फिरेनासे झाले. चौघं एका कोपऱ्यात, दोघं दुसऱ्यात, काचेला पाठी लावून. तोंडं मधल्या पाण्याकडे.

५

पांढऱ्या डोळ्याचा मासा त्याच्या देखत गेला.

सकाळचे अकरा वाजलेले, खिडकीतून भरपूर ऊन. रंगारी चहाचा कप घेऊन स्टुलावर बसला होता. पांढऱ्या डोळ्याचा दोघांच्या कोपऱ्यात होता. शेपूट हलवत तो जरा कलला, ज्या बाजूला त्याला दिसत नव्हतं त्या बाजूला सरकला, आणि सरकत गेला. बाकीचे पाच एकदम काचेला चिकटले. तो मध्यापर्यंत पोचला. मग निळी रेघ जरा लांब झाल्यासारखी वाटली, ओल्या रंगावरून कुणी बोट ओढावं तशी.

आणि तो तिथे नव्हता.

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. टाकीबाहेर उडाला असेल. असे मासे उडी मारतात, दुकानदारानेच सांगितलं होतं. त्याने वॉकर धरून वाकून टेबलाखाली पाहिलं, भिंतीलगत पाहिलं. फरशी कोरडी होती. झाकण लावलेलं होतं.

तो सरळ झाला तेव्हा पाचही मासे टाकीभर फिरत होते. मधून, वरून, खालून, आडवे-तिडवे. जणू शाळा सुटली होती. त्याने खाणं टाकलं तर ते मधोमध येऊन तुटून पडले, आणि उरलेले पापुद्रे सावकाश तळाशी जाऊन बसले.

संध्याकाळी लेकीने टाळी वाजवली. "बघा! रुळले की नाही?"

"एक गेला."

"चालायचंच, बाबा. पहिल्या टाकीत जातातच म्हणे."

त्याला ते पटवून घ्यायचं होतं. तो पलंगावर आडवा झाला. फक्त कानात दडा बसल्यासारखं वाटत होतं. पंपाचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येत होता.

६

खालच्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी एकला त्याचं ताट घेऊन यायच्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. दार उघडायच्या, बोलत बोलत सरळ पलंगाशी यायच्या, ताट ठेवायच्या आणि अर्धा तास जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

त्या सोमवारी काकू दारातून आल्या, "अहो, ऐकलंत का, दुसऱ्या मजल्यावर," म्हणत चार पावलं सरळ आल्या, मग डावीकडे वळल्या, भिंतीच्या बाजूने पुढे झाल्या, पुन्हा उजवीकडे आल्या आणि ताट ठेवलं. बोलणं एका अक्षरानेही तुटलं नाही.

रंगाऱ्याने ताट बाजूला सरकवलं.

"काकू, तुम्ही अशा का आलात?"

"कशा?"

"वळसा घालून."

काकूंनी मागे पाहिलं. मोकळी फरशी. "वळसा? इथे आहे काय वळसा घालायला? तुम्ही गोळ्या फार घेता हो." आणि जाताना त्या उजवीकडून वळसा घालून गेल्या.

संध्याकाळी लेक तशीच आली. तिने दुकानातून अक्षरांचा तक्ता आणलाच होता. अधूनमधून ती बापाचे डोळे तपासायची. तिने तक्ता समोरच्या दाराला टांगला. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं.

"डोळे ठणठणीत आहेत, बाबा."

"हो," तो म्हणाला. डोळे बिघडलेले निघाले असते तर त्याने आनंदाने पेढे वाटले असते.

पुढच्या सकाळी ऊन खिडकीतून आत पार दारापर्यंत पडलं होतं. त्यात धुळीचे कण तरंगत होते, वर-खाली, सावकाश. रंगारी पलंगावरून बघत होता. आयुष्यभर भिंती घासल्यामुळे धुळीशी त्याची जुनी ओळख होती.

खोलीच्या मध्यावर धूळ नव्हती.

माठाएवढी जागा, फरशीपासून कमरेपर्यंत. तिच्या कडेवर आलेला कण जरा थांबायचा आणि बाजूने निघून जायचा.

७

त्याने लेकीला सांगून पाहिलं. सांगताना शब्द त्याच्याच कानांना खुळे वाटत होते.

"मधून चालू नकोस हं."

"मधून म्हणजे?"

"हॉलच्या मधून. फोनमध्ये बघत चालू नकोस. डोळे उघडे ठेव."

"फरशी निसरडी आहे का?"

"हो. निसरडी आहे."

त्याने तिला काही दिवस मावशीकडे जाऊन राहा म्हणून सांगितलं. ती भडकली. "आणि तुम्हाला कोण बघणार? तुमचं ते स्टूल?"

मग त्याने तिच्याकडून जेवायचं टेबल मधे सरकवून घेतलं, म्हणजे निदान कुणी चुकून जाणार नाही. तिने ते ढकलत आणलं आणि जिथे ठेवायला सांगितलं होतं त्याच्या हातभर अलीकडे ठेवलं. "अजून थोडं पुढे," तो म्हणाला. तिने जोर लावला. टेबल तिरकं होऊन भिंतीकडे गेलं. "पाय वाकडा आहे टेबलाचा," ती घाम पुसत म्हणाली आणि हसली.

एकदा दुपारी एकटा असताना त्याने स्वतःच जायचं ठरवलं. माणसाने किती घाबरायचं? मोकळी फरशी आहे, आपलं घर आहे. वॉकर पुढे टाकायचा, पाय ओढायचा. एक. दोन. तीन. दारावर नजर ठेवून तो सरळ निघाला होता. पाचव्या पावलाला त्याच्या नाकासमोर भिंत होती. आपण केव्हा वळलो, ते त्याला आठवत नव्हतं. अंगाने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि डोक्याला विचारलंच नव्हतं.

दिवस जात होते आणि धुळीतली पोकळी वाढत होती. आता ती छताला लागली होती. खोलीत आवाज चढत नव्हता. लेक दाराशी बोलायची ते त्याला पाण्याखालून ऐकू यावं तसं यायचं. टाकीतले पाच मासे मात्र सुखात होते, टाकीभर हुंदडत.

सातव्या आठवड्यात एके संध्याकाळी ती चहा घेऊन आली, तेव्हा त्याला तिच्या ड्रेसचा खांदा दिसला. उजवा. त्यावर पिठासारखी फिकट हिरवी पूड होती.

हा रंग त्याचा होता. त्याने स्वतः हॉलला दिलेला, दोन हात. तो असा सहज सुटत नाही. भिंतीला अंग दाबून रोज, जाता-येता घासल्याशिवाय.

"इथे काय लागलंय गं?"

तिने खांदा झटकला. "बसमध्ये लागलं असेल कुठेतरी."

८

प्लास्टर काढायच्या दिवशी सकाळी दहाला तेच दोन हमाल खुर्ची घेऊन आले. लेकीने सुटी घेतली होती. रंगारी आदल्या दिवसापासून काही खाऊ शकला नव्हता. आज बाहेर पडायचं, लेकीला बरोबर घ्यायचं, आणि दवाखान्यातून सरळ तिच्या मावशीकडे. घराचं मग बघू. मुकादमाला सांगून कुलूप घालू.

हमालांनी त्याला खुर्चीत बसवलं, उचललं आणि उजव्या भिंतीला पाठ लावून निघाले. आडवे, खेकड्यासारखे. पुढच्याच्या पाठीने भिंतीवरचं घड्याळ पाडलं. काच फुटली. कुणी खाली पाहिलं नाही. दोघांच्याही कपाळावर घाम होता, आणि दोघांपैकी एकानेही मधून का जात नाही, असं विचारलं नाही. लेक त्यांच्या मागून आली, खांदा घासत.

ते दाराबाहेर आले. जिन्याच्या वरच्या पायरीशी हमालांनी खुर्ची टेकवली. रंगाऱ्याने आठ आठवड्यांत पहिल्यांदा ऊर भरून श्वास घेतला.

"एक्स-रे घेतले ना?" एका हमालाने विचारलं. "त्याशिवाय प्लास्टर कापत नाहीत."

"अरे देवा. पलंगावरच राहिले," लेक म्हणाली.

"राहू दे," रंगारी ओरडला. "नवे काढू."

"दोन मिनिटं, बाबा." ती आत गेलीसुद्धा.

त्याला तिची पावलं ऐकू आली. भिंतीकडेने, सावकाश. मग कागदाची मोठी पिशवी उचलल्याचा आवाज. मग परत दोन पावलं, आणि थांबली. दुसऱ्या भिंतीकडे दोन पावलं, आणि थांबली.

"बाबा, जरा थांबा हं," ती आतून म्हणाली. अगदी नेहमीच्या सुरात.

त्याने मान वळवून दारातून पाहिलं. ती खिडकीच्या कोपऱ्यात उभी होती. पिशवी छातीशी धरलेली, पाठ तावदानाला. चेहऱ्यावर, एखादा शब्द आठवू नये तसं अर्धवट हसू.

"ताई, चला की," धाकटा हमाल म्हणाला आणि तिला आणायला आत निघाला. उंबऱ्यावर त्याचा पाय उचललेला राहिला. मग तो मागे आला आणि चपलेचा बंद नीट करू लागला.

"बब्बड, ऐक," रंगारी म्हणाला. आवाज कामावरचा निघाला. "तिथून हलायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही. डोळे मिटायचे नाहीत."

"झालं काय पण?"

"खिडकी उघड आणि तिथेच उभी राहा."

त्याने मुकादमाला फोन लावला. दोन गल्ल्या पलीकडे इमारतीला बाहेरून रंग चालला होता, गच्चीवरून दोर सोडून खाली उतरवायचा फळीचा झुला तिथे होता. "सगळं टाकून झुला घेऊन या. माझ्या गच्चीवर. पोरीला खिडकीतून काढायचंय." मुकादमाने काय झालं विचारलं. रंगारी म्हणाला, "दार अडकलंय." दार त्याच्यासमोर सताड उघडं होतं.

पाऊण तास लागला. तेवढा वेळ तो लेकीशी बोलत राहिला. तिच्या लहानपणचं, दुकानातलं, वाट्टेल ते. ती उत्तरं देत होती. मधेच ती म्हणाली, "इथे बरं वाटतंय हो, हवा येते," आणि त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. पावलं आता भिंतीला समांतर होती. समोर ठेवायला जागा उरली नसावी.

मग गच्चीवर धाडधाड पावलं वाजली. खिडकीबाहेर दोर आले, फळी आली, फळीवर बसलेला मुकादम आला, आणि त्याने हात पुढे केला. लेक उंचीला घाबरायची. पण ती खिडकीवर चढली ती माणूस बसमध्ये चढतो तशी, मागे न बघता.

फोनवर मुकादमाचा आवाज आला. "उतरली. पोरगी खाली उतरली. आता तरी सांगा काय भानगड आहे ती."

रंगाऱ्याने फोन बंद केला. तो रडत होता.

९

डोळे पुसून त्याने पुन्हा आत पाहिलं. खिडकी उघडी, पडदा आत उडत होता. ऊन दारापर्यंत आलेलं. आणि त्या उन्हात, सगळीकडे, अगदी खोलीच्या मधोमधसुद्धा, धूळ तरंगत होती. एक माशी खिडकीतून आली आणि खोलीच्या मधून सरळ उडत जाऊन स्वयंपाकघरात शिरली.

गेलं. जे काही होतं ते गेलं होतं.

"चला," तो हमालांना म्हणाला. "दार ओढून घ्या आणि उचला."

उत्तर आलं नाही. थोरला हमाल सहा पायऱ्या खाली भिंतीला टेकून उभा होता. धाकटा गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर, तितकाच दूर. घटकेपूर्वी दोघंही खुर्चीच्या दांड्याला हात लावून उभे होते.

"अरे उचला ना!"

"हो, हो, आलोच," थोरला म्हणाला आणि हलला नाही. त्याचा आवाज लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा आला.

खालून धावत येणारी पावलं वाजली. चार मजले न थांबता लेक वर येत होती. "बाबा! अहो, काय मज्जा आली माहितीये! मी खाली बघितलंच नाही!" शेवटच्या वळणावर ती दिसली. केस विस्कटलेले, गाल लाल, एक्स-रेची पिशवी अजून हातात. त्याला वाटलं, इतकी गोड ती कधीच दिसली नव्हती.

"ये," तो म्हणाला आणि दोन्ही हात पसरले.

ती दोन पायऱ्या चढली. मग डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग तिने खांदा भिंतीला लावला आणि थांबली.

"बाबा, जरा थांबा हं," ती म्हणाली.

त्याचे हात तसेच राहिले. मग त्याने ते सावकाश मांडीवर घेतले.

"नको येऊस," तो म्हणाला. "खाली जा, बब्बड. मावशीकडे जा."

"असं काय करता? येतेच आहे."

ती आली नाही, आणि गेलीही नाही. खाली थोरला हमाल, वर धाकटा, वळणावर त्याची लेक आणि तिच्या मागे धापा टाकत आलेला मुकादम. सगळे भिंतीला पाठ लावून, त्याच्याकडे तोंड करून उभे. सगळ्यांच्या मधोमध खुर्ची, आणि खुर्चीत तो.